एक ‘स्टॅम्प’ आणि मराठीचे सहा शब्द

१/ नाशिक रोडच्या भारत प्रतिभूती मुद्रणालयातून टपालाची तिकिटेही बाहेर पडली आणि मुद्रांकाचे कागदही. इंग्रजी या दोन्ही वस्तूंना एकच नाव देते : स्टॅम्प. एक वस्तू पत्राच्या प्रवासाचे भाडे आहे, तर दुसरी सरकारी कराची पावती. मराठीने त्यांना वेगळी नावे दिली होती. बोलण्यातून ती नावे पुसली जात आहेत आणि त्याची किंमत सामान्य माणूस मोजतो आहे.

२/ आधी मूळ शब्द पाहू. ‘स्टॅम्प’चा जुना अर्थ कुटणे, ठेचणे असा होता. त्यावरून पाय आपटणे, आणि पुढे दाब देऊन खूण उमटवणे असे अर्थ आले. इटालियनमध्ये याच कुळातला ‘स्टाम्पा’ म्हणजे छपाई. स्पॅनिशच्या वाटेने इंग्रजीत आलेला ‘स्टॅम्पीड’ही याच घराण्यातला. ऑगस्ट २००३ मधील नाशिकच्या सिंहस्थातील दुर्घटनेच्या इंग्रजी बातम्यांत तोच शब्द होता. मराठीने तिला चेंगराचेंगरी म्हटले. खूण उमटवणे आणि माणसे चिरडणे यांचे नाते मराठीला कधी जोडावेच लागले नाही.

३/ खूण उमटवण्याच्या क्रियेला मात्र मराठीत शब्दांची वाण नव्हती. मोहोर, शिक्का, ठसा, छाप, तिकीट, मुद्रांक. हे सहा शब्द एकमेकांच्या जागी सहज बसत नाहीत. अधिकाऱ्याचा शिक्का असतो, बोटांचे ठसे असतात, वक्त्याची छाप पडते. ‘वक्त्याचा मुद्रांक पडला’ असे कोणी म्हणणार नाही.

४/ मराठेशाहीच्या दफ्तरांत हा विवेक अधिकच बारीक होता. अधिकृत पत्रावर मुद्रा उमटे आणि मजकूर जिथे संपे तिथे मोर्तब होई. मुद्रा सांगे, हा हुकूम कोणाचा. मोर्तब सांगे, लेखन इथे संपले, यापुढची ओळ बनावट समजावी. ‘शिक्कामोर्तब’ या आजच्या जोडशब्दात अधिकाराची खूण आणि मर्यादेची खूण अशा दोन वेगळ्या गोष्टी नांदत आहेत.

५/ यातले बरेच शब्द बाहेरून आले, हेही विसरू नये. ‘मोहोर’ फारसीतून आली. ‘शिक्का’ अरबी ‘सिक्का’वरून, म्हणजे नाणे पाडण्याच्या ठशाच्या नावावरून आला. शिवकाळात राजव्यवहारकोश रचून कारभारातील फारसी शब्दांना संस्कृत पर्याय सुचवले गेले, तरी शिक्का टिकला. त्याने मराठीत एक नेमके काम पत्करले होते, म्हणून तो टिकला.

६/ करासाठीचा स्टॅम्प ही युरोपची कल्पना. नेदरलँड्समध्ये १६२४ साली आणि इंग्लंडमध्ये १६९४ साली कागदपत्रांवर असा कर बसला. १७६५ चा ज्या ‘स्टॅम्प ॲक्ट’मुळे अमेरिकी वसाहती पेटल्या, त्याचा टपालाशी काडीचाही संबंध नव्हता. तो दस्तऐवज आणि वृत्तपत्रांवरचा कर होता. टपालाचे पहिले चिकट तिकीट त्यानंतर ७५ वर्षांनी, १८४० साली निघाले. हिंदुस्थानातही क्रम हाच : बंगालमध्ये कंपनीने मुद्रांककर लावला १७९७ साली, तर सिंधमध्ये बार्टल फ्रिअर यांनी ‘सिंध डाक’ तिकिटे काढली १८५२ साली.

७/ या नव्या चिकट कागदाला मराठीने काय म्हणावे? तो शिक्का नव्हता, मोहोरही नव्हती. लोकांनी एका इंग्रजी शब्दासाठी दुसराच इंग्रजी शब्द उचलला : तिकीट. आधी पैसे भरले, आता जाऊ द्या, हा तिकिटाचा अर्थ. प्रवाशाला जसे तिकीट, तसे पत्राला. कोणत्याही समितीवाचून झालेली ही निवड मूळ इंग्रजीपेक्षा अर्थवाही आहे. टपाल कचेरीत स्टॅम्पवर स्टॅम्प मारला जात नाही. तिकिटावर शिक्का मारला जातो.

८/ पूर्वी हिंदुस्थानची तिकिटे लंडनच्या दे ला रू कंपनीत छापली जात. १९२५ साली नाशिक रोडला छापखाना उभा राहिला आणि ते काम गोदाकाठी आले. शेजारी १९२८ साली नोटांचा छापखाना सुरू झाला. २१ नोव्हेंबर १९४७ रोजी स्वतंत्र भारताचे पहिले तिकीट निघाले. त्यावर तिरंगा होता आणि ‘जय हिंद’ ही अक्षरे.

९/ आता प्रश्न आजचा. ‘स्टॅम्पवर लिहून घेतले आहे’ हे वाक्य महाराष्ट्रात ब्रह्मवाक्यासारखे उच्चारले जाते. उसनवारी असो की गुंठाभर जागेचा व्यवहार, स्टॅम्प पेपर पाहिला की माणूस निर्धास्त होतो. त्याला वाटते, सरकारने व्यवहारावर शिक्का मारला. प्रत्यक्षात सरकारने फक्त कर घेतलेला असतो. मजकूर खरा की खोटा, विकणारा मालक आहे की नाही, याची कोणतीही हमी त्या कागदात नसते.

१०/ कायदा याबाबत स्पष्ट आहे. १०० रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मालमत्तेच्या विक्रीला १९०८ च्या नोंदणी अधिनियमानुसार नोंदणी लागते. केवळ स्टॅम्पवर ‘विकलेली’ जमीन विकली जात नाही. दुसऱ्या बाजूने, मुद्रांक कमी पडला म्हणून दस्त आपोआप रद्दही होत नाही. कर आणि दंड भरेपर्यंत तो पुराव्यात घेता येत नाही, इतकेच. हा सारा भेद ‘स्टॅम्प’ या एका शब्दाखाली गाडला जातो.

११/ तेलगी प्रकरणाकडेही याच दृष्टीने पाहावे. मूळचा बेळगाव जिल्ह्यातील खानापूरचा अब्दुल करीम तेलगी बनावट मुद्रांक विकत होता. त्याने लोकांचे करार खोटे केले नव्हते. खोटी होती ती कराची पावती. लोकांनी कर भरला, पण तो खजिन्यात पोहोचलाच नाही. बातम्यांतील ‘स्टॅम्प घोटाळा’ या नावाने लुटीचे हे स्वरूप झाकूनच टाकले.

१२/ मग सर्वांनी ‘मुद्रांक’ म्हणावे, म्हणजे झाले? तेवढ्याने भागणार नाही. १९५८ चा कायदा आज ‘महाराष्ट्र मुद्रांक अधिनियम’ म्हणून ओळखला जातो. शब्द डौलदार आहे, पण त्यात ‘मुद्रा’ आहे, आणि मुद्रा म्हटली की मराठी मनाला राजाची आज्ञा आठवते. कराच्या पावतीला राजमुद्रेचा थाट चढतो आणि भ्रम अधिक घट्ट होतो. शब्द शुद्ध असूनही दिशाभूल करू शकतो. ‘तिकीट’ परके असूनही खरे बोलते.

१३/ म्हणून भाषेचा आग्रह स्वदेशी-परदेशीवर थांबू नये. शब्द वस्तूचे काम सांगतो का, ही खरी कसोटी. राज्याने २०२४ साली अनेक दस्तांवरील किमान मुद्रांक शुल्क १०० वरून ५०० रुपये केले. तेव्हा महागला तो कर. कागदाची विश्वासार्हता पाचपट झाली नाही. ‘दस्तावरचा कर’ असे साधे नाव प्रत्येक मुद्रांकावर छापले असते, तर हे समजावून सांगावे लागले नसते.

१४/ इतिहासाच्या अभ्यासकाने जुना कागद हाती घेतला की प्रथम विचारावे : ही खूण कोणाची, आणि ती काय सांगते? अधिकार, मर्यादा, भाडे की कर? दफ्तरातील कारकुनाला हे चार अर्थ वेगळे ठाऊक होते. पाचशेच्या कागदावर सही करणाऱ्यालाही ते ठाऊक असले पाहिजेत.