तीन मंगळवारांचा हंगाम

11 मार्च 2025, मंगळवार. पेन्सिल्व्हेनियाच्या डोंगराळ भागातलं लोरेटो हे जेमतेम हजार-दीड हजार वस्तीचं गाव. तिथल्या सेंट फ्रान्सिस विद्यापीठाच्या पुरुष बास्केटबॉल संघाने सेंट्रल कनेक्टिकटला त्यांच्याच कोर्टवर 46-43 असं हरवलं आणि 1991 नंतर पहिल्यांदाच, अमेरिकेतला महाविद्यालयीन खेळ चालवणाऱ्या एनसीएएच्या राष्ट्रीय स्पर्धेत जागा मिळवली. 18 मार्च, मंगळवार. ओहायोतल्या डेटनला प्राथमिक फेरीत अलाबामा स्टेटने अगदी शेवटच्या क्षणी कोर्टच्या या टोकाहून त्या टोकाला चेंडू भिरकावला, घोळक्यातून तो त्यांच्याच खेळाडूच्या हाती पडला आणि बास्केट झाली. 70-68. सेंट फ्रान्सिसचा खेळ आटोपला. 25 मार्च, पुन्हा मंगळवार. विद्यापीठाने जाहीर केलं, की आम्ही सर्वोच्च स्तर, म्हणजे डिव्हिजन वन सोडून डिव्हिजन थ्रीमध्ये जातोय. म्हणजे खेळासाठी शिष्यवृत्तीच नसते, त्या स्तरावर.

हरले म्हणून सोडलं, असं झालेलं नाही. तीन दशकांत जे साधलं नव्हतं ते साधल्यावर हा निर्णय आला, म्हणून तो नीट पाहायला हवा.

आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धेचा निकाल क्रीडापानाच्या तळाशी चार ओळींत उरकतो. अमेरिकेत मार्च महिना या स्पर्धेचाच असतो. 68 संघ, हरला की बाहेर. त्यातल्या 31 जागा 2025 मध्ये त्या त्या कॉन्फरन्सच्या, म्हणजे विद्यापीठांच्या गटांच्या, विजेत्यांसाठी राखीव होत्या, बाकीच्या 37 निवड समितीच्या हातात. या राखीव जागेची गंमत सेंट फ्रान्सिसच्या आकड्यांत दिसते. कॉन्फरन्सची स्पर्धा सुरू झाली तेव्हा त्यांचे 13 विजय आणि 17 पराभव होते. लागोपाठ तीन सामने जिंकले आणि दार उघडलं. अंतिम सामन्यात चाळिशीतला स्कोअर म्हणजे दोन्हीकडचे हात गारठलेले. देखणा खेळ म्हणून त्याचं कौतुक कुणी करणार नाही. पण हंगामभर हरत आलेल्या संघालाही एक आठवडा जीव तोडून खेळलं तर ड्यूकसारख्या बलाढ्य संघाच्या शेजारी नाव लावता येतं, या शक्यतेवरच ही स्पर्धा उभी आहे. सेंट फ्रान्सिसच्याच नॉर्थईस्ट कॉन्फरन्समधल्या फेअरली डिकिन्सनने 2023 मध्ये अव्वल मानांकित पर्ड्यूला घरी पाठवलं होतं.

मग बिघडलं काय? सोपं उत्तर तयार आहे: खेळाडूंना पैसे मिळू लागले आणि खेळ नासला. सेंट फ्रान्सिसच्या निवेदनाचा रोखही काहीसा तसाच होता. खेळाडूंची खुली ये-जा आणि पैसे देऊन खेळवणं, ही कारणं त्यात होती. तिथेच शिकलेले आणि पंचवीसेक वर्षं त्याच संघाबरोबर असलेले प्रशिक्षक रॉब क्रिमेल त्याच सुमारास निवृत्त झाले. तरीही हे उत्तर मला पटत नाही. या स्पर्धेच्या प्रक्षेपणाचा करार 2010 मध्ये 14 वर्षांसाठी 10.8 अब्ज डॉलरला झाला, 2016 मध्ये 8.8 अब्जांची भर घालून तो 2032 पर्यंत वाढला. प्रशिक्षकांचे पगार कोटींच्या घरात गेले. आणि ज्यांच्या घामावर हे चाललं होतं त्या पोरांना 'हौशी' म्हणून शिष्यवृत्तीवर भागवा म्हणायचं! 2021 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने नऊ विरुद्ध शून्य मतांनी एनसीएएला फटकारलं, ते योग्यच झालं. त्याच वर्षी 1 जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर, प्रतिमेवर कमावता येऊ लागलं.

गोम आहे ती पुढच्या व्यवस्थेत. 6 जून 2025 रोजी मंजूर झालेल्या, खेळाडूंच्या दाव्यातून निघालेल्या 'हाउस' तडजोडीनुसार मोठी विद्यापीठं आपल्या खेळाडूंना पहिल्या वर्षी 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत थेट देऊ शकतात. मागच्या खेळाडूंची थकबाकी म्हणून दहा वर्षांत 2.8 अब्ज डॉलर द्यायचे आहेत. त्याचा मोठा भाग बड्या कॉन्फरन्सच्या फुटबॉल आणि पुरुष बास्केटबॉल खेळाडूंकडे जाणार. भरायचा कुणी? बराचसा पैसा एनसीएए डिव्हिजन वनच्या सगळ्या कॉन्फरन्सना जो वाटा देते, त्यातून कापला जाणार. लहान कॉन्फरन्सनी तक्रार केली, ती याचसाठी. खाल्लं एकाने, खवखवतंय दुसऱ्याला.

दुसरीकडे एप्रिल 2024 पासून खेळाडू कितीही वेळा विद्यापीठ बदलू शकतो, एक वर्ष बसून राहण्याची अट नाही. खेळाडूच्या बाजूने हेही न्याय्य. पण लोरेटोत दोन वर्षं घडवलेला मुलगा चमकला, की तिसऱ्या वर्षी तो दुसऱ्याच्या जर्सीत दिसतो. लहान संघ म्हणजे मोठ्यांची नर्सरी. व्यावसायिक एनबीएतही पैसा आहे, किंबहुना जास्तच आहे. मात्र तिथे पगारावर मर्यादा आहे आणि नव्या खेळाडूंच्या निवडीत दुबळ्या संघांना झुकतं माप मिळतं. महाविद्यालयीन खेळाने बाजार उचलला, त्याचे बांध मात्र उचलले नाहीत. जी मर्यादा घातली तीही नावापुरती. तिच्याबाहेर जाहिराती आणि देणगीदारांचा पैसा वाहतोच.

परिणाम त्याच मार्चमध्ये दिसले. शेवटचे 16 संघ अवघ्या चार बड्या कॉन्फरन्सचे होते, त्यातले सात एकट्या एसईसी या कॉन्फरन्सचे. अंतिम चारांत चारही अव्वल मानांकित. याआधी असं फक्त 2008 मध्ये घडलं होतं. एका हंगामावरून निष्कर्ष काढू नये हे खरं. पण हार्टफर्ड विद्यापीठाचं उदाहरण आठवावं. 2021 मध्ये ते पहिल्यांदाच या स्पर्धेत पोचले, पुढे विजेत्या ठरलेल्या बेलरकडून हरले आणि दोन महिन्यांत त्यांनीही डिव्हिजन थ्रीचा रस्ता धरला. तेव्हा थेट मानधन सुरूही झालं नव्हतं. म्हणजे पाया आधीपासूनच ठिसूळ होता, नव्या ओझ्याने तो खचतोय.

आता स्पर्धेतल्या जागा वाढवण्याची भाषा अधूनमधून होते. ऐकायला उदार वाटते. पण वाढीव जागा जाणार बड्या कॉन्फरन्सच्या मधल्या फळीतल्या संघांना, आणि लहान विजेत्यांपैकी आणखी काहींना डेटनसारख्या प्राथमिक फेरीत आपसांत झुंजावं लागणार. नियमांत राखीव जागा कायम राहील, तिचा उपयोग उरणार नाही. प्रक्षेपणाचा करार 2032 मध्ये संपतो. वाहिन्यांनी आजवर पैसे मोजले ते फेअरली डिकिन्सनसारखा एखादा संघ कधीही उलथापालथ करेल या भरवशावर. तोवर असे किती संघ डिव्हिजन वनमध्ये शिल्लक असतील, याचा हिशेब बड्या कॉन्फरन्सच्या आयुक्तांनी आत्ताच मांडायला हवा, कारण त्या करारातले सर्वांत मोठे वाटेकरी तेच आहेत.