लिंक नाही, उद्या या

माणसानं तीन वादांत तोंड घालू नये असं माझं जुनं मत आहे. मुलीकडची मंडळी विरुद्ध मुलाकडची मंडळी, मिसळीचा रस्सा पातळ की दाट, आणि वायफायचा डबा कुठल्या कंपनीचा चांगला. पहिल्या दोन वादांत मी तरुणपणी पडलो होतो, त्याचे वळ अजून आहेत. तिसऱ्यात परवा पडलो तो भाच्यामुळे.

भाचा पुण्याकडच्या एका विद्यापीठात संगणक विभागात असतो. भीमाशंकरला निघालेला तो तीन सहकाऱ्यांसह वाटेत घोडेगावला आमच्याकडे उतरला. चहा हातात पडेपर्यंत चौघंही सभ्य माणसं होती. मग विद्यापीठाच्या नव्या खरेदीचा विषय निघाला. एक म्हणाला, सिस्को. दुसरा म्हणाला, छे, अरुबा. तिसरा रकससाठी बशी फोडायला तयार झाला. भाचा नुसता हसत होता, म्हणजे त्याच्या मनात मिस्ट भरली होती. आमच्या हिला वाटलं मुली सांगून आल्यात. आतूनच तिनं विचारलं, "अहो, पत्रिका जुळते का?"

ही फारशी चुकली नव्हती. त्या चौघांनी सांगितलेला इतिहास लग्नाच्या मोसमासारखाच होता. अरुबा २०१५ साली ह्यूलेट पॅकार्डच्या घरात गेली. रकस २०१६ साली ब्रोकेडकडे, २०१७ साली ॲरिसकडे आणि २०१९ साली कॉमस्कोपकडे, म्हणजे चार वर्षांत तीन सासरं. मिस्ट २०१९ साली ज्युनिपरच्या घरी नांदायला गेली आणि जुलै २०२५ मध्ये ज्युनिपरचं अख्खं बिऱ्हाडच ह्यूलेट पॅकार्ड एंटरप्राइजच्या वाड्यात आलं. थोडक्यात, ज्या अरुबा आणि मिस्टवरून दोघं जण हमरीतुमरीवर आले होते, त्या आता एकाच घरातल्या जावा आहेत. उद्या दोघींचा स्वयंपाक एकाच चुलीवर झाला तर वाढायला कोण आलं होतं यावर भांडत बसायचं?

मी बी. कॉम. आहे आणि वीस वर्षं बँकेत कारकुनी करतो. तुलनात्मक तक्ता म्हणजे काय ते मला कुणी शिकवू नये. तीन कोटेशनं मागवावीत, उभ्या-आडव्या रेघा माराव्यात, सगळ्यांत स्वस्ताखाली लाल रेघ ओढावी आणि घेतलेलं टेबल डुगडुगायला लागलं की पायाखाली त्याच तक्त्याची घडी घालावी. भाच्याच्या तक्त्यात सत्तावीस रकाने होते. ग्रंथालयाची भिंत किती जाड आहे, हा रकाना नव्हता. मधल्या सुट्टीत एका खोलीत किती मुलं बसतात, हाही नव्हता. डबा बंद पडला तर शिडी कोण आणणार, हा तर नव्हताच.

तेव्हा माझं म्हणणं स्वच्छ आहे. डब्याचं नाव हा या प्रश्नाचा सगळ्यांत शेवटचा भाग आहे आणि आपण त्याच्यावरच सगळा घसा खर्च करतो.

कुठल्याही कंपनीचा डबा घ्या, नियम तेच. आय-ट्रिपल-ई नावाच्या संस्थेनं ते १९९७ साली पहिल्यांदा छापले, म्हणून तर कुठलाही फोन कुठल्याही डब्याशी बोलतो. हवासुद्धा तीच. जुन्या २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात एकमेकांना धक्का न लावता चालणारी चॅनेलं तीनच, आणि एका चॅनेलवर साधारणपणे एका वेळी एकानंच बोलायचं. विहिरीवर शंभर घागरी आणि पोहरा एक! ५ गिगाहर्ट्‌झमध्ये जागा जास्त, पण त्या लहरी भिंतीपुढे लवकर दमतात. जास्त जोरात ओरडणारा डबा आणून भागत नाही, कारण फोनचं कुजबुजणंही परत डब्यापर्यंत पोचावं लागतं.

आणि डब्याच्या मागे काय आहे? आमच्या शेजारच्या जुन्नर तालुक्यात, खोडदला, गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली जीएमआरटीची रेडिओ दुर्बीण आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेल्या लहरी ऐकणारा एवढा मोठा बिनतारी कान, पण तबकडीनं ऐकलेलं मध्यवर्ती इमारतीत येतं ते काचेच्या तंतूंमधून, म्हणजे तारेनंच! वायफायचे नियम लिहिणाऱ्या त्याच आय-ट्रिपल-ईनं २०२० साली या दुर्बिणीचा गौरव केला. बिनतारीचं मोठेपण मागच्या तारेवर उभं असतं, हे खोडदला कळलं, आपल्या खरेदी समित्यांना कळायचंय.

हे मी एवढ्या तावातावानं का बोलतो? गेल्या वर्षी आहुप्याच्या बाजूची एक मुलगी माझ्या काउंटरवर आली होती. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरायचा, त्यासाठी खात्याला आधार जोडायचं. तिच्या कॉलेजात वायफाय होतं. डबा नामांकित, पाहुण्यांना दाखवण्याजोगा, प्राचार्यांच्या खोलीबाहेर. मुलं बसतात त्या ग्रंथालयात मात्र त्याची नुसती सावली पोचायची. दोन दिवस तिथं चक्र फिरताना बघून ती आमच्याकडे आली होती. आणि मी काय म्हणालो? जे मी आयुष्यात स्वतःच्या नावापेक्षा जास्त वेळा उच्चारलं असेल तेच. "लिंक नाही, उद्या या."

ती काही बोलली नाही. पिशवीतले कागद पुन्हा एकेक करून लावले आणि गेली. एसटीचं जाण्यायेण्याचं भाडं आणि आईबरोबर मजुरीला जायचा एक दिवस, एवढी त्या वाक्याची किंमत होती. ती कुठल्याही तक्त्यात नसते.

भाचा म्हणाला, "मामा, तुमचं पटतं, पण डब्याडब्यांत फरक असतोच. गर्दी सांभाळणं, एका जागेवरून सगळ्यांवर लक्ष ठेवणं, दरवर्षीचा परवान्याचा खर्च."

असतो की! मग तोला ना, पण कागदावर कशाला? प्रत्येकाचे दोन-दोन डबे आपल्याच ग्रंथालयात आठवडाभर टांगा आणि परीक्षेचे अर्ज भरायच्या दिवसांत शेवटच्या बाकावर बसून बघा. पाच वर्षं वापरलेल्या दुसऱ्या विद्यापीठातल्या माणसाला फोन करा, विकणाऱ्याला नको. मागची तार, बॅटरी आणि शिडीवाला माणूस यांचे पैसे आधी बाजूला काढा. उरतील त्यात डबा घ्या, कुठल्याही आडनावाचा.

चौघंही गप्प झाले. पटलं म्हणून की पोहे आले म्हणून, सांगता येत नाही.

रात्री पाणी प्यायला उठलो तर चौघंही स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी फोन घेऊन दाटीवाटीनं बसलेले. आमच्या दगडी घरात रेंज तेवढ्या जागीच येते. हिनं कौतुकानं त्यांना सतरंजी घालून दिली होती.

डबा कुठल्या कंपनीचा, हे एकानंही विचारलं नाही.