एरियल बदलण्याआधी जोड बघा

माझ्या थोरल्या बहिणीचे घर डोंगराच्या पायथ्याशी, खोलगट जागी आहे. मोबाइलची रेंज हवी तर बांध चढून वर जावे लागते. म्हणून दाजींनी ओसरीवर रेडिओ लावून ठेवला आहे. मागच्या चैत्रात कांदा काढून रानात वाळत घातला होता. संध्याकाळच्या बातम्यांत पावसाचा इशारा होता म्हणे, पण खरखरीत शब्दच कळले नाहीत. पहाटे सर आली आणि निम्मा कांदा भिजला.

दुसऱ्या दिवशी दुकानदाराने बूस्टर घ्यायला सांगितले. दाजींनी मला विचारले, "पाव्हणं, घेऊ का?" मी म्हटले, "दाजी, मी येईपर्यंत थांबा."

जाऊन बघितले. छपरावर एफ.एम.चे एरियल होते, लांबट कडीसारख्या दुमडलेल्या कांबीचे. डिशची उरलेली काळी केबल त्याला हाताने पीळ देऊन जोडली होती. रेडिओही ठीक होता. तिन्ही वस्तू चांगल्या, पण त्यांची सोयरीक जुळलेली नव्हती!

वाचकहो, घरी एक गंमत करून बघा. बारीक कासरा जाड नाड्याला बांधा, नाड्याचे टोक खुंटीला अडकवा आणि कासऱ्याला झटका द्या. लाट गाठीपर्यंत जाईल, थोडी पुढे सरकेल आणि उरलेली माघारी फिरेल. दोन्ही दोर एकाच जाडीचे असले, की ती सरळ पुढे जाते. एरियलने पकडलेली लाट वायरीतून अशीच धावते. तिला वायर जो विरोध दाखवते, तो ओहममध्ये सांगतात. तो ठरतो आतली तार आणि बाहेरची जाळी यांच्या जाडी-अंतरावरून आणि मधल्या प्लास्टिकवरून. लांबीशी त्याचा संबंध नाही, आणि साध्या मीटरने तो मोजताही येत नाही.

डिशची केबल ७५ ओहमची असते. बहुतेक मोठ्या रेडिओंच्या मागचे गोल भोकही ७५ चेच. मधोमध तोडलेल्या सरळ कांबीचे एरियल सुमारे ७३ चे, म्हणजे केबलशी छान जमते. पण कांब दुमडली की प्रवाह दोन दांड्यांत वाटला जातो आणि हा आकडा चौपट होऊन ३०० च्या घरात जातो. जुन्या टीव्हीची चपटी पट्टीसारखी वायर ३०० ची होती, तिच्याशी त्याचे जमत असे.

आता ३०० चे एरियल ७५ च्या केबलला थेट जोडले, तर शंभर भागांतले ३६ भाग गाठीवरूनच परत फिरतात. जवळच्या स्टेशनला ते जाणवणार नाही. काठावरच्या स्टेशनला मात्र तेवढ्यानेच शब्द बुडतात. बूस्टर ओसरीवर लावला असता, तर आवाजाबरोबर खरखरही वाढली असती.

उपाय दोन आहेत. दुमडलेले एरियल असेल, तर ३०० चे ७५ करणारा छोटा जुळणी ट्रान्सफॉर्मर एरियलपाशीच बसवावा. त्याला बलून म्हणतात. नाहीतर सरळ कांबीचे एरियल घरीच करावे. ॲल्युमिनियमच्या दोन नळ्या, प्रत्येकी सुमारे ७१ सेंटिमीटर, एका रेषेत बसवाव्या. त्या एकमेकींना टेकू देऊ नयेत. एकीला केबलची आतली तार आणि दुसरीला जाळी जोडावी. जोडापाशी केबलचे पाचसहा वेढे घालून बांधावे.

केबल घेताना तिच्यावरचा आकडा वाचा. ५० ओहमची केबल दिसायला तशीच असते. ती लागली तरी घाबरू नका, जोडावर शंभरातले चारच भाग जातात. एकाच केबलला पीळ देऊन दोन रेडिओ मात्र जोडू नका, त्यासाठी स्प्लिटर मिळतो.

दाजींच्या जोडात पाणी शिरून तांबे हिरवे पडले होते. तेवढी केबल कापून टाकली, ट्रान्सफॉर्मर बसवला आणि जोडावर रबरी पट्टी घट्ट गुंडाळली. केबल घरात शिरते तिथे खाली झोल ठेवला, म्हणजे पाणी तिथूनच गळून जाते. त्या संध्याकाळी निवेदकाचा शब्द न् शब्द ऐकू आला. ताई म्हणाली, "हे चैत्रात झालं असतं तर!"

शेवटी महत्त्वाचे. एरियल विजेच्या तारांपासून इतके लांब हवे, की ते पडले तरी तारांना लागू नये. आणि आभाळ भरून यायला लागले, की गडगडाट सुरू होण्याआधीच केबल रेडिओतून काढून घराबाहेर ठेवा. एकदा विजा सुरू झाल्या, की तिला हात लावू नका. बातम्या उद्याही ऐकता येतील.