झाकणावरचा एक टन

स्मरणिकेच्या संपादकांनी यंदा विषयाचे बंधन ठेवले नाही, म्हणून हे धाडस. बालरोगतज्ज्ञाने लसीकरणावर लिहावे, स्तनपानावर लिहावे, फार तर वाढत्या प्रतिजैविकांवर तक्रार करावी, अशी वाचकांची रास्त अपेक्षा असते. मी मात्र लिहिणार आहे ते बंद भांड्यांविषयी. वाफ किंवा वायू दाबाखाली कोंडून ठेवणारी ही भांडी आपल्या प्रत्येकाच्या रुग्णालयात आहेत आणि त्यांच्या रचनेची संहिता आपल्यापैकी बहुतेकांनी उघडूनही पाहिलेली नाही. २००३ च्या हिवाळ्यापर्यंत मीही पाहिली नव्हती.

त्या वर्षी आदिलाबादच्या माझ्या छोट्या रुग्णालयात एक उभे ऑटोक्लेव्ह होते. आत सुमारे पस्तीस सेंटिमीटर व्यासाचे, झाकण सहा चाप-नटांनी आवळायचे. ज्या कानांत हे नट बसतात त्यांतल्या एका कानाला तडा गेला होता. मी ते यंत्र रस्त्यावरच्या एका वेल्डिंगच्या दुकानात पाठविले, तासाभरात काम झाले, पैसेही थोडेच लागले, आणि एवढ्या स्वस्तात सुटका झाली याचा मला आनंद वाटला. पुढे सुरक्षा झडप वेळेआधीच फुसफुसू लागली, तेव्हा आमच्या मुलाने तिची स्प्रिंग आवळून टाकली. ते मला ठाऊक होते. मी काहीच बोललो नाही.

चौथ्या आठवड्यात तो कान तुटला. झाकण एका बाजूने उचलले गेले आणि वाफेचा झोत आमच्या आयाबाईंच्या हातावर व मानेवर आला. तीन आठवडे ड्रेसिंग चालले. बाईंनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. उलट बरे झाल्यावर त्या म्हणाल्या, ‘‘बाळांच्या खोलीत न्हाई ना झालं साहेब, बरं झालं.’’ कोपरापासून मनगटापर्यंतचा तो व्रण पुढे पंधरा वर्षे, त्या कामावर होत्या तोवर, रोज माझ्या डोळ्यांसमोर होता.

त्याच सुमारास कागजनगरच्या कागद गिरणीतून निवृत्त झालेले एक अभियंते नातवाला दाखवायला येत असत. (कागजनगर तेव्हा आपल्याच जिल्ह्यात होते, २०१६ च्या पुनर्रचनेत ते पलीकडे गेले.) आयुष्यभर बॉयलर आणि लगदा शिजविण्याचे डायजेस्टर यांत काढलेले गृहस्थ. मी सहज घडलेला प्रकार सांगितला. त्यांनी माझ्याच चिठ्ठ्यांच्या वहीचे एक पान फाडून घेतले आणि हिशेब मांडला. पस्तीस सेंटिमीटर व्यासाच्या झाकणाचे क्षेत्रफळ सुमारे ९६२ चौरस सेंटिमीटर. १२१ अंशांना आतला दाब दर चौरस सेंटिमीटरला १.०५ किलो. म्हणजे झाकणाला आतून वर ढकलणारा जोर सुमारे एक हजार दहा किलो. ‘‘डॉक्टरसाहेब, तुमच्या बाई रोज सकाळी एक टन वजन सहा नटांनी बांधून त्याच्याशेजारी उभ्या राहत होत्या.’’ मग त्यांनी विचारले, ‘‘तुम्ही बाळाचे वजन न करता औषध देता का?’’ मी नाही म्हणालो. ‘‘मग त्या वेल्डरने पत्रा कोणता, जाडी किती, हे न विचारता डाग कसा दिला?’’

त्यांनी आणखी एक गोष्ट समजावली, जी मी वैद्यकाच्या पुस्तकात कधी वाचली नव्हती. धोका निव्वळ वाफेचा नसतो, तळाच्या पाण्याचा असतो. दाबाखाली १२१ अंशांवर शांत असलेले पाणी दाब नाहीसा होताच शंभर अंशांवर येऊ पाहते आणि जादा उष्णता वाफेत घालविते. पाच लिटर पाण्यातले दोनेकशे ग्रॅम पाणी पापणी लवण्याआधी वाफ होते आणि त्या वाफेला तीनशेहून अधिक लिटर जागा हवी असते. म्हणूनच दाबपात्राची चाचणी गार पाणी भरून घेतात, हवा भरून नव्हे. पाणी दाबाखाली जवळजवळ आकसत नाही. भांडे फुटले तरी थोडे पाणी सांडते, माणूस मरत नाही.

या भांड्याचा मूळपुरुष आपल्याच व्यवसायातला आहे, हे मला नंतर वाचनात आढळले. देनी पापँ हा फ्रेंच गृहस्थ वैद्यकाची पदवी घेतलेला. १६७९ मध्ये त्याने हाडे मऊ शिजविणारे बंद भांडे केले, त्याला ‘डायजेस्टर’ म्हटले, आणि ते फुटू नये म्हणून वजनाची सुरक्षा झडप योजिली. आपल्या स्वयंपाकघरातल्या कुकरची शिट्टी ही तिचीच पणती. बरोबर दोनशे वर्षांनी, १८७९ मध्ये, पाश्चरचा सहकारी चार्ल्स शाम्बरलां याने त्याच तत्त्वावर ऑटोक्लेव्ह बनविले. म्हणजे भांडे वैद्याचे, झडप वैद्याची. नियम तेवढे अभियंत्यांनी केले, आणि तेही पुष्कळ मृत्यू पाहिल्यानंतर.

आपल्या देशात १८६३ मध्ये कलकत्त्यात बॉयलरचा भीषण स्फोट झाला आणि पुढच्याच वर्षी बंगालात बॉयलर तपासणीचा कायदा आला. अमेरिकेत २० मार्च १९०५ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ब्रॉक्टन येथे पादत्राणांच्या कारखान्यातला बॉयलर फुटला, ५८ माणसे गेली. १९०७ मध्ये त्या राज्याने नियम केले. मग प्रत्येक राज्याचे नियम निराळे, एका राज्यात चालणारा बॉयलर दुसऱ्यात चालेना. तेव्हा तेथील यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेने १९१४ ची संहिता तयार केली. आज जगभर ‘एएसएमई’ या नावाने ती ओळखली जाते. आपल्याकडे १९२३ चा बॉयलर कायदा आणि १९५० ची नियमावली आली, आणि न तापविल्या जाणाऱ्या दाबपात्रांसाठी १९६९ मध्ये आयएस २८२५ हे मानक आले. १९२३ च्या कायद्याची जागा २०२५ मध्ये नव्या कायद्याने घेतली आहे.

ही संहिता वाचताना मला वारंवार आपले औषधशास्त्र आठवले. भांड्याच्या भिंतीची जाडी ठरविण्याचे सूत्र साधे आहे: दाब जास्त, व्यास मोठा, तर जाडी जास्त, पत्र्याची ताकद जास्त, तर जाडी कमी. पण त्या सूत्रात पत्र्याची पूर्ण ताकद कधीच धरीत नाहीत. अमेरिकन संहितेत ती आधी पाचाने भागत, विसाव्या शतकाच्या मध्यास चाराने, आणि १९९९ पासून साडेतीनाने. पोलाद सुधारले, तपासणी सुधारली, तसा भाजक उतरला. अंदाजाने उतरला नाही. शिवाय गंजासाठी जाडीत वेगळी भर असते. आयएस २८२५ मध्ये ती सर्वसाधारणपणे किमान दीड मिलिमीटर आहे. भांडे कारखान्यातून निघतानाच ते म्हातारे होणार हे गृहीत धरले आहे.

मला सर्वांत भावला तो जोडाच्या कार्यक्षमतेचा अंक. वेल्डिंगच्या जोडाची संपूर्ण क्ष-किरण तपासणी केली तर तो एक. जागोजागी केली तर ०.८५. मुळीच केली नाही तर ०.७०. म्हणजे पूर्ण तपासलेल्या भांड्याला जिथे दहा मिलिमीटर पत्रा पुरतो, तिथे न तपासलेल्याला चौदाच्या वर लागतो. संहिता तपासणीची सक्ती सरसकट करीत नाही. ती एवढेच म्हणते की पाहिले नसेल तर अज्ञानाची किंमत पोलादात मोजा. (तपासणी न करता तीन प्रतिजैविके एकाच चिठ्ठीवर लिहिणारे आपल्यातही आहेत. फरक इतकाच की तिथली किंमत आपण मोजीत नाही.) माझ्या रस्त्यावरच्या वेल्डिंगचा अंक काय धरावा, असे मी त्या अभियंत्यांना विचारले होते. ‘‘शून्य,’’ ते म्हणाले, आणि नातवाला घेऊन गेले.

आता मुद्द्याचे. माझे यंत्र कोणी तपासायला हवे होते? हा प्रश्न मला वाटला तितका सोपा निघाला नाही. बॉयलर कायद्याच्या २००७ मध्ये दुरुस्त झालेल्या व्याख्येप्रमाणे बॉयलर म्हणजे ज्यात तयार झालेली वाफ त्या भांड्याच्या बाहेर वापरली जाते असे दाबपात्र. शिवाय पंचवीस लिटरहून लहान किंवा एक किलोहून कमी दाबाची भांडी वगळलेली. माझे यंत्र आकाराने व दाबाने त्या मर्यादेच्या वर होते. पण त्याची वाफ आतच तयार होऊन आतच वापरली जात होती, तेव्हा ते बॉयलर नव्हे. दाबाखालच्या वायूंच्या पात्रांचे जे नियम आहेत, १९८१ चे आणि आता २०१६ चे, ते एक हजार लिटरच्या वरच्या पात्रांना लागतात. तेव्हा तेही नव्हे. मोठ्या रुग्णालयात स्वतंत्र बॉयलरवर चालणारी निर्जंतुकीकरण यंत्रे असतात, तिथे निरीक्षक येतो. तालुक्याच्या गावी, जिथे आया आणि यंत्र यांच्यामध्ये फक्त एक पडदा असतो, तिथे कोणीच येत नाही.

निर्जंतुकीकरणाची पट्टी काळी पडली की आपण निश्चिंत होतो. ती पट्टी जंतूंविषयी सांगते, झाकणाविषयी काही सांगत नाही.

प्राणवायूच्या सिलिंडरची स्थिती कागदावर तरी बरी आहे. मोठ्या सिलिंडरमध्ये सुमारे १५० किलोच्या दाबाने सात घनमीटर वायू असतो. मिनिटाला एक लिटर या मापाने तो नवजात बाळाला जवळजवळ पाच दिवस पुरेल. दर पाच वर्षांनी त्याची पाण्याच्या दाबाने चाचणी घ्यावी लागते आणि तारीख खांद्यावर ठोकावी लागते. ही तारीख आपल्यापैकी किती जण वाचतात? मी स्वतः २००३ नंतरच वाचू लागलो. दोनदा मुदत उलटलेली सिलिंडरे परत पाठविली, पुरवठादार रुसला, आठ दिवसांनी आला.

एप्रिल २०२१ मध्ये हे सारे आपल्या अंगावर आले. सिलिंडर मिळेना म्हणून शासनाने आर्गॉन व नायट्रोजनची सिलिंडरे प्राणवायूसाठी बदलून घेण्यास परवानगी दिली. विशाखापट्टणमहून द्रव प्राणवायूचे टँकर रेल्वेवर चढून नागपूर-नाशिकला आले. आणि २१ एप्रिलला नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात द्रव प्राणवायूच्या टाकीच्या जोडणीतून गळती सुरू झाली. पुरवठ्याचा दाब घसरला आणि किमान २२ रुग्ण गेले. दूरचित्रवाणीवर पांढऱ्या धुक्यात धावणारी माणसे आपण सर्वांनी पाहिली. त्या रात्री मी बराच वेळ जागा होतो. तिथे टाकी फुटली नव्हती. दाबपात्राची संहिता पात्राच्या पहिल्या जोडापाशी संपते. त्यापुढची नळी, झडप, भरणी ही दुसऱ्या नियमांची आणि दुसऱ्या माणसांची. अभियंत्याला दाब वाढण्याची भीती असते, आपल्या रुग्णाला दाब उतरण्याची. दोघांच्या मधला तो एक जोड नेमका कोणाचा, हे आधीच लिहून ठेवलेले असावे लागते.

यावर माझे एक ज्येष्ठ सहकारी म्हणतात, ‘‘अहो, जैविक कचऱ्याची नोंद, सोनोग्राफीचा फॉर्म, अग्निशमनाचा दाखला, त्यात आणखी एक वही?’’ त्यांचा वैताग मला पूर्णपणे कळतो. नवा कायदा व्हावा असे मी म्हणतही नाही. नवा कायदा आला की दाखला मिळतो, झडप तपासली जातेच असे नाही. माझे म्हणणे आपल्या संघटनेपुरते आहे.

हाताने चालविण्याचा एक चाचणीपंप आणि एक प्रमाणित दाबमापक संघटनेने विकत घ्यावा. वर्षातून एकदा, पावसाळ्यानंतर, प्रत्येक सभासदाचे ऑटोक्लेव्ह पाण्याने भरून कामाच्या दाबाच्या दीडपटीने तपासावे. हे आपण करू नये, दाबपात्रांचा अनुभव असलेल्या तंत्रज्ञाकडून करवून घ्यावे. जवळच्या सिमेंट आणि कागदाच्या कारखान्यांतून निवृत्त झालेली अशी माणसे आपल्या परिसरात आहेत आणि बहुतेकांची नातवंडे आपल्याकडेच येतात. सुरक्षा झडप दुरुस्त करू नये, बदलावी. भांड्याच्या अंगाला किंवा कानाला वेल्डिंग लागले तर यंत्र बाद समजावे. आणि बाद यंत्र भंगारात देताना ते आडवे कापून द्यावे, नाहीतर रंग लावून ते पुढच्या गावी एखाद्या नव्याने दवाखाना थाटणाऱ्या डॉक्टरकडे पोहोचते. हे शेवटचे कलम त्याच निवृत्त अभियंत्यांचे. माझे जुने यंत्र त्यांनी माझ्यासमोर कापविले होते. वेल्डिंगचा डाग आतून पाहिला तेव्हा वरचा अर्धाच पत्रा जोडला गेलेला दिसला. खालच्या अर्ध्यात काजळी होती.

पंपाची वर्गणी मी कोषाध्यक्षांकडे जमा केली आहे. पहिल्या चाचणीसाठी माझे सध्याचे यंत्र आणावे. ते अकरा वर्षांचे आहे आणि त्याची झडप गेल्या महिन्यापासून थोडी लवकर सुटते.