फिश टँकला दिवा किती?

डिसेंबर २०२३ची गोष्ट. मिचाँग चक्रीवादळाने चेन्नईला झोडपून काढलं आणि आमच्या भागात तीन दिवस वीज नव्हती. हॉलमधल्या फिश टँकपाशी मेणबत्ती लावून माझी दहा वर्षांची लेक बसून होती. हवेचा पंप बंद, म्हणून थोड्या थोड्या वेळाने ती मगने पाणी घ्यायची आणि उंचावरून पुन्हा टाकीत ओतायची. "आई, मासे असे तरी जगतील गं, पण उजेडाशिवाय झाडं मरतील ना?" मलाही मनातून तेच वाटत होतं.

वीज आली, टाकीवरचा दिवा लागला आणि आम्ही दोघी बघतच राहिलो. मासे ठीक होते, झाडंही हिरवीगार होती. महिनाभर छळणारं शेवाळ मात्र चांगलंच फिकं पडलं होतं!

मग आमचा दिवाच चुकला होता की काय? होय. आणि चूक माझ्या हिशेबात होती.

पुण्याला माहेरी टाकी होती, तेव्हा ट्यूबलाइटचा जमाना होता. 'गॅलनला दोन वॉट' हा त्या वेळचा ठोकताळा माझ्या डोक्यात पक्का. आमची टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. वाळू-दगड वजा जाता पाणी पन्नासेक लिटर, म्हणजे तेरा गॅलन. तेर दुणे सव्वीस! मी चोवीस वॉटचा एलईडी दिवा घेऊन मोकळी झाले आणि तो रोज अकरा तास जाळू लागले.

पण वॉट म्हणजे दिव्याने खाल्लेली वीज, उजेड नव्हे. उजेड मोजतात ल्युमेनमध्ये. जुनी दोन फुटी, वीस वॉटची ट्यूब साधारण हजार ल्युमेन उजेड द्यायची. एलईडी तेवढाच उजेड दहा वॉटमध्ये देतो. म्हणजे मी हौसेने दुपटीहून जास्त ऊन टाकीवर पाडत होते.

उजेड वाढला की भूकही वाढते

पाण्यातल्या झाडाला तीन गोष्टी लागतात : उजेड, कार्बन डायऑक्साइड आणि खत. जपानच्या ताकाशी अमानो यांच्या हिरव्यागार टाक्यांचे फोटो पाहून आपण भुलतो. पण तशा टाक्यांत सिलिंडरमधून हा वायू सोडलेला असतो. आपल्या साध्या टाकीत तो हवेतून, माशांच्या श्वासातून आणि तळच्या कुजणाऱ्या गाळातून मिळेल तेवढाच. उजेड वाढवला की झाडाची भूक वाढते, पण पानात वाढायला काहीच नसतं. मग शेवाळाचं फावतं. शेगडी मोठी केली म्हणून भात लवकर होत नाही, करपतो, तसंच हे.

त्यात चेन्नईचा उकाडा. २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.२ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३२ अंशांना ७.३च. रात्री झाडं आणि शेवाळ दोन्ही तो वापरतात. नोव्हेंबरमध्ये एका पहाटे आमचे गप्पी मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकत होते. त्यातला एक गेला. लेक दिवसभर जेवली नाही.

उत्तर चेन्नईतलं कोळत्तूर म्हणजे रंगीत माशांची देशातली एक मोठी पेठ. वादळानंतर तिथल्या एका वयस्कर दुकानदाराला मी सगळं सांगितलं. तो हसून एवढंच म्हणाला, "लाइट कम्मी पण्णुंग." तमिळ कच्चं असलं तरी 'कम्मी' मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही!

तर दिवा घेताना...

* बिनसिलिंडरच्या टाकीला लिटरमागे १५ ते २० ल्युमेन पुष्कळ झाले. पन्नास लिटरला ७५० ते १,००० ल्युमेन, म्हणजे आठ-दहा वॉटचा एलईडी. खोक्यावर वॉटबरोबर ल्युमेनचा आकडाही वाचा.
* रंग पांढरा, ६,५०० केल्विनच्या आसपासचा. जांभळ्या-गुलाबी दिव्यांची गरज नाही.
* दिवा आधीच मोठा घेतला असेल तर फेकू नका. तो टाकीपासून जरा उंच टांगा.
* दिवा पाण्यापासून सुरक्षित असलेलाच घ्या. वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन वर न्या, म्हणजे ओघळणारा थेंब खाली गळेल. पाण्यात हात घालण्याआधी स्विच बंद.
* सुरुवातीला रोज सहाच तास. प्लगमध्ये बसणारा टायमर घ्या आणि घरातली माणसं टाकीसमोर असतील अशी वेळ लावा. आमच्याकडे चार ते दहा.
* खिडकीतलं ऊन टाकीवर येऊ देऊ नका. चेन्नईचं काय नि नागपूरचं काय, त्या उन्हापुढे तुमच्या दिव्याचा हिशेब फुकट.

झाडं सावलीला सोसणारी निवडा : जावा फर्न, जावा मॉस, अनुबियास, क्रिप्टोकोरीन. यांतल्या क्रिप्टोकोरीनच्या काही जाती तर आपल्या सह्याद्रीच्या ओढ्यांतल्या. फर्न आणि अनुबियास यांचं जाड खोड वाळूत पुरू नका, कुजतं. लाकडाला किंवा दगडाला दोऱ्याने बांधा.

एकदा बदल केला की दोन आठवडे थांबा. काचेवर शेवाळ चढलं तर अर्धा तास कमी करा. झाड उंच, किरटं होऊ लागलं तर अर्धा तास वाढवा, पण आठ तासांच्या पुढे जाऊ नका. ही झाडं सावकाश वाढतात. महिन्याला दोन-चार नवी पानं आली तरी खूश राहा.

आता आमच्याकडे दहा वॉटचा दिवा आहे. रात्री दहाला टायमर 'टक्' वाजतो, टाकी अंधारते आणि लेक म्हणते, "चला, झाडं झोपली." मीही आता दिवा पुन्हा लावायला जात नाही.