बळी मरत नाही तेव्हा

मेमरी संपून सर्व्हर अडकला की बहुतेक ठिकाणी ठराविक उपाय होतो: यंत्र पुन्हा सुरू करायचे, रॅम वाढवायची आणि अहवालात ‘ओओएम’ असा शेरा मारून प्रकरण मिटवायचे. कर्नलवर काम करणाऱ्यांनी तरी एवढ्यावर समाधान मानू नये, असे आम्हाला कळकळीने वाटते. लिनक्स हातातल्या मेमरीपेक्षा जास्त मेमरीचे वायदे करतो. मॅलॉक यशस्वी होते तेव्हा प्रोसेसला फक्त पत्ते मिळतात. खरे पेज मिळते ते पहिल्यांदा त्याला हात लावल्यावर. सगळ्यांनी एकाच वेळी वायदा वसूल करायला घेतला तर मेमरी कमी पडणारच. तो क्षण आल्यावर कर्नल त्यातून सुखरूप बाहेर पडतो का, हा आपल्या कामाचा प्रश्न आहे. आणि बाहेर पडण्याचा तो मार्ग आपल्या सगळ्या कोडमध्ये सर्वांत कमी वेळा चालवलेला असतो.

२०१४ च्या अखेरीस लिनक्सच्या विकासकांमध्ये झालेली चर्चा फाइल सिस्टिम किंवा ड्रायव्हर लिहिणाऱ्या प्रत्येकाने अभ्यासावी अशी आहे. टोमोयो लिनक्सवर काम करणारे जपानचे तेत्सुओ हांडा यांनी एक्सएफएस वापरणारे यंत्र कायमचे कसे अडकू शकते, हे दाखवून दिले. घटनाक्रम असा. एक प्रोसेस फाइलच्या इनोडचे लॉक धरून मेमरी मागते. मेमरी शिल्लक नाही, म्हणून ओओएम किलर एक बळी निवडतो. हा बळी नेमका त्याच लॉकसाठी थांबलेला असतो, तोही सिग्नलने न मोडणाऱ्या झोपेत. सिगकिल त्याच्यापर्यंत पोचतो, पण लॉक मिळाल्याशिवाय त्याला मरता येत नाही. तो मरत नाही तोवर मेमरी सुटत नाही, आणि मेमरी सुटत नाही तोवर पहिली प्रोसेस लॉक सोडत नाही. एक बळी मरणाच्या वाटेवर असताना दुसरा निवडायचा नाही, असा किलरचा त्या वेळचा नियम होता. त्यामुळे सगळे तिथेच थिजते.

पहिल्या प्रोसेसची मागणी कर्नलने सरळ नाकारली असती तर ही गाठ पडलीच नसती. एक्सएफएसमध्ये अपयश तपासणारा कोड होता, लॉक सोडून मागे फिरण्याची सोयही होती. पण अपयश कधी येतच नव्हते. पेज अ‍ॅलोकेटर एक अलिखित नियम पाळत होता: झोपू शकणाऱ्या संदर्भातली आठ पेजपर्यंतची मागणी, म्हणजे चार केबीचे पेज धरले तर ३२ केबीपर्यंतची, जवळजवळ कधीच नाकारायची नाही, मिळेपर्यंत प्रयत्न करत राहायचे. एक्सएफएसवर वर्षानुवर्षे काम करणाऱ्या डेव्ह चिनर यांनाही या नियमाचे आश्चर्य वाटले. हजारो ठिकाणी परतीचे मूल्य तपासणाऱ्या ओळी लिहिल्या गेल्या, रिव्ह्यूमध्ये त्यांचा आग्रह धरला गेला, आणि त्यांतल्या बहुतेक ओळी एकदाही चालल्या नाहीत.

मग हा नियमच काढून टाकावा, असे कोणालाही वाटेल. तसे केल्यास काय होते, याचा अनुभव लगेच, आणि तोही अनवधानाने आला. २०१५ मध्ये आलेल्या ३.१९ आवृत्तीत अ‍ॅलोकेटरची एक साधी साफसफाई करणारा पॅच गेला. त्याने फाइल सिस्टिममध्ये परत न शिरण्याची अट घालणाऱ्या, म्हणजे जीएफपी नोएफएस प्रकारच्या मागण्यांचे वागणे नकळत बदलले: मिळेपर्यंत थांबण्याऐवजी त्या अपयशी ठरू लागल्या. अ‍ॅलोकेटर थांबून राहील यावर विसंबलेल्या फाइल सिस्टिम अडचणीत आल्या आणि ४.० येण्याआधी जुने वागणे परत आणावे लागले. चालवून न पाहिलेल्या कोडवर एकदम भार टाकला की काय होते, याचे याहून स्पष्ट उदाहरण आम्हाला माहीत नाही.

पुढे मिखाल होको यांनी २०१६ मध्ये ४.६ आवृत्तीत ओओएम रीपर आणला. बळी स्वतः मरण्याची वाट न पाहता हा वेगळा कर्नल थ्रेड त्याची अनामिक मेमरी काढून घेतो. त्यासाठी त्याला बळीच्या पत्त्यांच्या नकाशाचे वाचनाचे लॉक लागते. ते काही प्रयत्नांत मिळाले नाही, तर तो बळी बाजूला ठेवून किलरला दुसरा निवडण्याची मोकळीक देतो. हांडा यांनी दाखवलेली गाठ यामुळे बहुतांशी सुटते आणि हे काम उत्तम झाले आहे, यात वाद नाही. तरी न चाललेल्या त्या ओळी होत्या तिथेच राहिल्या. नव्या ड्रायव्हरमधून आजही त्यांत भर पडते.

आता ओओएमच्या अहवालाकडे वळू. पहिल्या ओळीत मेमरी कोणी मागितली ते असते, शेवटच्या ओळीत कोणाला मारले ते. घाईत वाचणारा या दोघांपैकी एकाला दोषी ठरवतो. पुष्कळदा दोघेही निर्दोष असतात. मागणारा फक्त नको त्या क्षणी आला आणि मेलेला फक्त सर्वांत मोठा होता. खरे उत्तर मधल्या, कंटाळवाण्या भागात असते. प्रोसेसच्या तक्त्यातल्या आरएसएसची बेरीज करा. हे आकडे पेजमध्ये आहेत, केबीमध्ये नाहीत; शेवटची ओळ मात्र केबीत बोलते, आणि हा फरक विसरल्यामुळे चौपट चुकलेली गणिते होतात. बेरीज एकूण मेमरीच्या जवळपासही जात नसेल, तर परत न मिळणारा स्लॅब पाहा, शेअर्ड मेमरी पाहा. टीएमपीएफएसमध्ये पडून राहिलेल्या फाइली कोणत्याही प्रोसेसला मारून सुटत नाहीत. स्लॅब सतत फुगत असेल तर गळती कर्नलमध्येच आहे आणि किलर निष्कारण एकामागून एक प्रोसेस मारतो आहे. ऑर्डर दोन किंवा तीन आहे आणि मोकळी पेजही भरपूर दिसताहेत, असे असेल तर मेमरीचे तुकडे पडले आहेत. अशा वेळी रॅम वाढवून दोष फक्त पुढे ढकलला जातो. ‘मेमरी सीग्रुप’ हे शब्द दिसले तर यंत्रात मेमरी शिल्लक असूनही कंटेनरची मर्यादा भरली आहे. एक्झिट कोड १३७ घेऊन येणाऱ्या तक्रारींत ही शक्यता आधी तपासावी.

यंत्र पूर्ण अडकते तेव्हा हा अहवालही डिस्कवर पोचत नाही, कारण तो लिहिणारी प्रोसेससुद्धा मेमरीसाठीच रांगेत असते. सीरियल कन्सोल किंवा नेटकन्सोल आधीपासून जोडलेला हवा. सिसआरक्यू डब्ल्यूने अडकलेल्या थ्रेडचे स्टॅक मिळतात. कोण कोणत्या लॉकवर थांबले आहे हे कागदावर काढले की वर सांगितल्यासारखे वर्तुळ बहुधा दिसतेच. केडम्प लावला असेल तर त्यासाठी राखलेली मेमरी खरोखर पुरते का, हे शांततेच्या काळात एकदा कर्नल पाडून तपासावे. डम्प घेणारा कर्नल स्वतःच मेमरीअभावी कोलमडला तर हाती काहीच उरत नाही.

आमचा मुख्य आग्रह मात्र अपघातानंतरच्या तपासापेक्षा आधीच्या सरावाचा आहे. अपयश मुद्दाम घडवण्याची सोय कर्नलमध्ये २००७ च्या २.६.२० आवृत्तीपासून आहे. फेलस्लॅब आणि फेल पेज अ‍ॅलॉक ही तिची दोन अंगे. ती चालू करून ‘काहीच सापडले नाही’ म्हणणाऱ्यांनी मूळ सेटिंग पाहावीत. झोपू शकणाऱ्या मागण्यांना हात लावायचा नाही, अशीच मूळ रचना आहे, आणि फेल पेज अ‍ॅलॉक तर एका पेजची मागणीही सोडून देते. म्हणजे आपला बहुतेक कोड चाचणीतून आपोआप वगळला जातो. इग्नोअर जीएफपी वेट ‘एन’ करा, किमान ऑर्डर शून्यावर आणा आणि स्टॅकच्या चाळणीने मारा फक्त आपल्या मॉड्यूलवर ठेवा, नाहीतर तुमच्या चाचणीआधी शेलच मरेल. यापुढची पायरी फेल एनथ. एका सिस्टिम कॉलमधली पहिली मागणी अपयशी करायची, मग दुसरी, मग तिसरी, अपयश यायला जागा न उरेपर्यंत. सिझकॉलर हेच तंत्र वापरते. दोनदा फ्री केलेले बफर, सोडायचे राहिलेले लॉक, कमी न केलेले रेफकाउंट असे दोष डोळ्यांनी रिव्ह्यू करताना निसटतात. ते या फेऱ्यांत वर येतात. लॉकडेप आणि कासान सोबत चालू असावेत, कारण चुकीच्या मार्गाने परतलेला कोड पुष्कळदा त्या क्षणी कोसळत नाही.

यासाठी वेळ नसतो, असे प्रकल्पप्रमुख सांगतात. पण एका मॉड्यूलसाठी फेल एनथची फेरी लिहायला अनुभवी माणसाला फार दिवस लागत नाहीत, आणि नंतर ती रोज रात्री आपोआप चालते. पुण्यात स्टोरेज आणि फाइल सिस्टिमवर काम करणारी इतकी मंडळी आहेत की हा पायंडा इथून पडायला हरकत नाही. आमची सूचना साधी आहे. मेमरी मागणारा नवा कोड रिव्ह्यूला येईल तेव्हा त्यातली प्रत्येक मागणी अपयशी करून चालवलेल्या फेरीचा निकाल पॅचसोबत यावा, आणि तो नसेल तर रिव्ह्यू करणाऱ्याने पॅच परत पाठवावा.