मरणाऱ्या मुंगीच्या बाजूने

‘मायक्रोटोपिया’ खेळून वैतागलेल्या माणसाशी बोलायला बसलं की दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला एक तक्रार येतेच: मुंग्या मरतात. तासभर डोकं लावून एक साखळी उभी करायची, माल इकडून तिकडे नीट जायला लागायचा, आपण नकाशाच्या दुसऱ्या टोकाला काही बांधायला जायचं आणि परत येऊन बघावं तर वाट रिकामी. हल्ला झालेला नाही, काही मोडलेलं नाही. मुंग्यांचं आयुष्य संपलं, एवढंच. ‘स्वयंचलित कारखान्याच्या खेळात कामगारच टिकणार नसेल, तर स्वयंचलित म्हणायचं कशाला?’ असं माझ्या एका मित्राने मला तावातावाने विचारलं होतं. तो इतका चिडला होता की त्याने खेळ तिथेच सोडला. त्याचं चिडणं मला समजतं, पण त्याचा प्रश्न मला मान्य नाही. या खेळात चिडण्यासारखं खरोखर काही आहे. ते मित्र बोट दाखवतो तिथे मात्र नाही.

खेळ ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फेब्रुवारी २०२५ मध्ये कॉर्डिसेप्स कलेक्टिव्ह नावाच्या चमूने तो बाहेर आणला. यांत्रिक मुंग्यांची एक वसाहत आपल्या हाती येते. राणीला खाऊ घालायचं, ती अळ्या देते, अळ्यांपासून मुंग्या घडवायच्या, मुंग्यांनी माल गोळा करायचा, आणि त्या मालातून राणीचं पुढचं खाणं काढायचं. मुंगीला हुकूम देण्याऐवजी जमिनीवर गंधाची वाट आखून द्यायची. मुंगी त्या वाटेने चालते आणि वाटेच्या प्रकाराप्रमाणे उचलते, ठेवते, बांधते. फाट्यावर ‘गेट’ बसवता येतं: ओझं असलेली इकडे, रिकामी तिकडे, या जातीची इकडे, त्या जातीची तिकडे. पुढे पंखवाल्या मुंग्या उडवून दुसऱ्या भूमीवर नवी वसाहत वसवायची. मुंग्यांचे बरेच खेळ शेवटी लढाईचे होतात. इथे लढाई हा विषयच नाही, विषय आहे वाहतूक.

माझा मित्र ‘फॅक्टोरिओ’वर वाढलेला आहे, आणि त्याचं मोजमाप तिथून येतं. प्रागमधल्या वूब सॉफ्टवेअरने २०२० साली पूर्ण रूपात प्रसिद्ध केलेल्या त्या खेळाने कारखान्याच्या खेळांचं व्याकरणच ठरवून दिलं. खनिज काढा, पट्ट्यावर टाका, भट्टीत न्या, पुढच्या यंत्रात न्या. तिथला पट्टा थकत नाही, म्हातारा होत नाही. एकदा टाकला की शंभर तासांनीही तसाच सरकत राहतो. त्या जगात किडे आहेत, पण ते शत्रू म्हणून. आपल्या कारखान्याचा धूर त्यांच्यापर्यंत पोचला की ते चालून येतात आणि आपण त्यांना मारतो. ‘फॅक्टोरिओ’ मला अत्यंत आवडतो, त्यावर मी रात्री घालवल्या आहेत. पण त्या खेळाने आपल्या मनात एक गृहीत रुजवलं: माल वाहणारा घटक हा पार्श्वभूमीचा भाग असतो, आणि विचार करायचा तो फक्त मालाचा.

‘मायक्रोटोपिया’ नेमकं हे गृहीत मोडतो. इथे पट्टा म्हणजे जिवंत रांग. तिची पहिली गरज म्हणजे ती रांग उद्याही असली पाहिजे. लोखंड किती निघतं, तार किती होते, हे हिशेब नंतरचे. आधीचा हिशेब असा: या वाटेवर वीस मुंग्या लागतात, त्यांतल्या दर थोड्या वेळाने काही गळणार, म्हणजे तेवढ्याच नव्या आल्या पाहिजेत, म्हणजे राणीच्या खाण्यात खंड पडता कामा नये, म्हणजे वसाहतीच्या एकूण कष्टातला ठरावीक वाटा केवळ वसाहत टिकवण्यात जाणार. हा वाटा वजा जाऊन जे उरेल तेवढीच वाढ. मित्राने राणीचं खाणं एकदा लावून दिलं, पुढे वाढ करत सुटला आणि तो वाटा मोजायचं विसरला. खेळाने त्याला फसवलं नाही. जमाखर्चात खर्चाची बाजूच त्याने लिहिली नव्हती.

आणि स्वयंचलन अशक्य होतं हे म्हणणं तर साफ चूक आहे. गेटांमध्ये एक गेट उरलेलं आयुष्य पाहून मुंग्या वेगळ्या काढणारं आहे. ते हाती आलं त्या संध्याकाळी मला हा खेळ खऱ्या अर्थाने उमगला. ज्यांचं आयुष्य सरत आलंय त्यांना लांबच्या वाटेवरून वळवायचं आणि त्यांच्या जागी नव्यांना आणायचं, हे एकदा आखून दिलं की वसाहत स्वतःची झीज स्वतः भरून काढते. आपण दुसऱ्या टोकाला जाऊन परत आलो तरी वाट भरलेली असते. त्या वाटेवरची एकही मुंगी मघाची नसते, आणि काम मात्र थांबलेलं नसतं. न थकणाऱ्या पट्ट्याने हे समाधान कधीच दिलं नाही, कारण तिथे टिकवण्यासारखं काही नव्हतंच.

खऱ्या वारुळात हेच चालतं. अनेक जातींच्या मुंग्यांत कामाची वाटणी वयानुसार होते. तरुण कामकरी मुंग्या आत, राणीपाशी आणि अळ्यांपाशी राबतात. वय वाढेल तशा त्या दाराकडे सरकतात. आणि अन्न शोधायला उन्हात, शत्रूंच्या तोंडाशी जातात त्या बहुतेक म्हाताऱ्या. जिच्यापाशी गमवायला कमी आयुष्य उरलंय, तिला धोक्याचं काम. युरोपातल्या बागांत आढळणाऱ्या काळ्या मुंगीची एक राणी बंदिवासात जवळजवळ २९ वर्षं जगल्याची नोंद आहे. तिच्या कामकरी मुंग्यांचं आयुष्य त्या मानाने फारच थोडं, एक-दोन वर्षांचं. वसाहत टिकते ती मुंगी टिकते म्हणून नव्हे. खेळातून मरण काढून टाकलं तर उरेल तो सहा पायांचा पट्टा, आणि पट्ट्याचे खेळ आपल्याकडे पुष्कळ आहेत.

दुसरा आक्षेप उलट्या दिशेने येतो, आणि तो जास्त वजनदार आहे. कीटकांवर प्रेम करणारी माणसं म्हणतात, मुंग्यांच्या वसाहतीत मुकादम नसतो. राणी हुकूम सोडत नाही, ती फक्त अंडी घालते. डेबोरा गॉर्डन यांनी अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडल्या वाळवंटात धान्य गोळा करणाऱ्या मुंग्यांचा अनेक दशकं पाठपुरावा केला. त्यांना दिसलं ते असं: बाहेर जायचं की नाही हे वारुळाच्या तोंडाशी थांबलेली मुंगी ठरवते ते दाणे घेऊन परतणाऱ्या मुंग्या किती वेगाने येऊन तिला भिडताहेत त्यावरून. कुणी सांगत नाही, कुणी मोजत नाही, आणि तरीही वसाहतीचं गणित जुळतं. असं असताना वर बसून वाटा आखणारा खेळाडू हा मुंग्यांच्या गोष्टीतला सर्वांत मोठा खोटेपणा नाही का?

आहे. तो मान्य करायला हवा. १९९१ साली मॅक्सिसने आणलेल्या विल राइट यांच्या ‘सिमअँट’मध्ये खेळाडू स्वतः एक मुंगी असायचा, बाकीच्यांसारखीच चिरडली जाऊ शकणारी, आणि वसाहतीला तो जास्तीत जास्त कल देऊ शकायचा. त्या नात्यात जो प्रामाणिकपणा होता तो ‘मायक्रोटोपिया’त नाही. इथे आपण मुंगी नाही, राणीही नाही. चमूने स्वतःला दिलेलं नाव मला या बाबतीत सूचक वाटतं. कॉर्डिसेप्स ही बुरशी. तिच्या नात्यातल्या काही बुरशा मुंगीच्या शरीरात शिरून तिला आपल्याला हव्या त्या जागी चालवत नेतात. खेळाडूची जागा तीच आहे.

पण एवढ्यावरून मुंग्यांबद्दल खेळ काहीच खरं सांगत नाही, हा निष्कर्ष मला मान्य नाही. या खेळात शहाणपण मुंगीच्या डोक्यात नाही, जमिनीवर आहे. मुंगीला पुढचा फाटा तेवढा कळतो. सगळी योजना वाटेत लिहिलेली असते आणि मुंगी ती वाचत जाते. वाळवीचं बांधकाम अभ्यासताना पियेर-पॉल ग्रासे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९५९ साली हाच विचार मांडला होता: झालेलं कामच पुढच्या कामाला चेतवतं, कामगारांना एकमेकांशी बोलावं लागत नाही. एवढी गोष्ट हाताला जाणवावी अशी शिकवणारा दुसरा खेळ मी खेळलेलो नाही. चुकीचा फाटा काढला की मुंग्या आज्ञाधारकपणे गोल फिरत राहतात, आणि हेही निसर्गात घडतं. विल्यम बीब यांनी गयानाच्या जंगलात लष्करी मुंग्यांचं असं एक प्रचंड वर्तुळ पाहून १९२१ साली लिहून ठेवलं होतं. पुढचीच्या गंधामागे दुसरी, दुसरीच्या मागे तिसरी, आणि शेवटचीच्या मागे पुन्हा पहिली. बहुतेक मुंग्या चालून चालून तिथेच मेल्या.

आता माझी स्वतःची तक्रार. ती मरणाबद्दल नाही, मुकादमीबद्दलही नाही. या खेळातली वाट विसरत नाही.

आपल्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर साखरेच्या डब्याकडे लागलेली रांग सगळ्यांनी पाहिली आहे. माझी आई ओलं फडकं घेऊन ती रांग मधेच पुसायची. मग दोन्ही बाजूंच्या मुंग्या पुसलेल्या पट्ट्याच्या काठाशी येऊन थबकायच्या, गोल फिरायच्या, मागे वळायच्या. फडक्याने गंध गेलेला असायचा. पण फडकं नाही मारलं तरी गंध जातोच. तो हवेत उडतो. साखर संपली की परतणारी मुंगी गंध सोडत नाही, वाट विरळ होते आणि दुसऱ्या दिवशी तिथे काही नसतं. ब्रसेल्सच्या संशोधकांनी १९८९ साली अर्जेंटिनाच्या मुंग्यांपुढे अन्नाकडे जाणारे दोन पूल ठेवले, एक आखूड, एक लांब. थोड्या वेळात बहुतेक मुंग्या आखूड पुलावरून जायला लागल्या. आखूड वाटेने गेलेल्या लवकर परततात, म्हणून तिथला गंध आधी दाटतो आणि पुढच्यांना खेचतो. मार्को डोरिगो यांनी मिलानमध्ये १९९२ च्या प्रबंधात मुंग्यांवरून संगणकासाठी मार्ग शोधण्याची पद्धत उभी केली, तेव्हा गंध उडून जाण्याला त्यांनी गणितात हक्काची जागा दिली. गंध उडाला नाही तर सुरुवातीची चूक कायमची होऊन बसते. दाटणं आणि विरणं, दोन्ही मिळून मुंग्यांची बुद्धी होते.

‘मायक्रोटोपिया’ने दाटणं आपल्या हातात दिलं आणि विरणं गाळून टाकलं. आखलेली वाट आपण पुसेपर्यंत राहते. पहिल्या दोन तासांत याने काही बिघडत नाही. पण वसाहत मोठी झाली, माल संपलेल्या जागा मागे पडल्या, नवे फाटे जुन्या फाट्यांवर चढले की जमिनीवर रेघांचं जंजाळ होतं. त्यात नको तो माल उचलून एखादी मुंगी कुठेच न उतरवता येता फिरत राहते, आणि तिचा माग काढत आपण फाट्यामागून फाटा तपासत बसतो. ज्या खेळाने मुंग्यांची झीज आपोआप भरून काढायला शिकवलं, त्यानेच वाटांची साफसफाई मात्र आपल्या माउसवर टाकली. चाळीस तास खेळलेला माणूस थकतो तो इथे. मुंगी मरते हे डोळ्यांना दिसतं आणि मेलेली वाट दिसत नाही, म्हणून तो राग मरणावर निघतो.

यावरचा उपाय अवघड आहे असं मला वाटत नाही. ज्या वाटेवरून बराच काळ एकही मुंगी ओझं घेऊन गेली नाही, ती फिकट होत जावी. एकदम पुसू नये. फिकट दिसली तरी पुरे, म्हणजे नजर तिकडे जाईल. ज्याला ती हवी असेल तो तिला पुन्हा गडद करेल. मरणाला धक्का न लावता एवढं केलं तर हा खेळ मुंग्यांच्या अधिक जवळ जाईल आणि खेळणाऱ्याचे हातही मोकळे होतील.

‘दिवसभर ऑफिसात जे करतोस तेच रात्री करायचं, हा कसला खेळ?’ असं घरातली मंडळी विचारतात. त्यांना माझं उत्तर छोटं आहे. ऑफिसात काम कुठे अडलंय हे चार बैठका झाल्याशिवाय कळत नाही. इथे जिथे अडलंय तिथे रांग उभी दिसते, आणि ती माझ्याच चुकीमुळे उभी असते.

मित्राला मी पुन्हा बसवलं. आयुष्य पाहणारं गेट कुठे ठेवायचं ते दाखवलं नाही, फक्त ते आहे एवढं सांगितलं. तुम्ही हा खेळ घेतला असेल आणि पहिली वाट रिकामी पडल्यावर बंद केला असेल, तर एवढं करा: राणीचं खाणं आधी लावा, वसाहत लहान ठेवा, आणि मुंग्यांची एक अख्खी पिढी मरून दुसरी तिच्या जागी आलेली बघा. आक्षेप त्यानंतर घ्या, आणि घ्याल तेव्हा वाटांबद्दल घ्या.